पोवळ्यावरचें शेवाळ

गेल्या अंकांत आम्हीं लोणच्याच्या बरणींतील बुरशीविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर नेहमींप्रमाणें पुष्कळ पत्रें आलीं. त्यांतील एक पत्र मात्र अगदीं निराळ्या विषयाचें आहे. अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत राहणाऱ्या आमच्या एक वाचकभगिनी लिहितात कीं, त्यांच्या दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याची कांचेची टांकी असून तींत जिवंत पोवळीं वाढविलेलीं आहेत. दोन वर्षें सर्व ठीक चाललें होतें. परंतु गेल्या उन्हाळ्यापासून पोवळ्यांवर केंसांसारखें हिरवें शेवाळ चढूं लागलें आहे, आणि ओढून काढलें तरी पंधरा दिवसांत तें पुन्हा हजर होतें. "सासूबाई म्हणतात, ते दगड बाहेर काढून मोठ्या पातेल्यांत एकदां खळखळून उकळूं या, म्हणजे कायमची पीडा जाईल. आपलें मत काय?"

आमचें पहिलें मत एवढेंच, आणि तें बाईंनीं हें पान पुरें वाचण्यापूर्वींच अमलांत आणावें: पातेलें चुलीवर ठेवूं नये. त्याचें कारण पुढें सविस्तर सांगूं.

आमच्या इकडील बहुतेक वाचकांनीं अशी टांकी पाहिली नसेल. आम्हीहि दोन वर्षांपूर्वीं त्याच राज्यांत मुलीकडे चार महिने राहावयास गेलों होतों, तेव्हांच ती प्रथम पाहिली. आमच्या जांवयांचा हा छंद. चार फूट लांबीची टांकी, वर निळसर दिवे, पाण्यांत दर हजार भागांस ३५ भाग क्षार, आणि उष्णता बाराहि महिने २५ ते २६ अंश सेंटिग्रेड. बाहेर अंगणांत गुडघाभर बर्फ पडलें असतां आंत उष्ण कटिबंधांतील समुद्र डोलत असावयाचा! विहीणबाई कडक शाकाहारी. म्हणून माशांसाठीं गोठविलेली कोळंबी ठेवण्यास तळघरांत एक स्वतंत्र छोटा फ्रीज आहे, व घरांत त्यास 'माशांचें स्वयंपाकघर' म्हणतात. आम्ही रोज दुपारीं खुर्ची टाकून त्या टांकीसमोर बसत असूं, आणि जांवई पोवळीं साफ करूं लागले म्हणजे भिंग व चिमटा आमच्याकडे असावयाचा. पुढील मजकूर बहुतेक तेथें पाहिलेला व त्यानंतर वाचलेला आहे.

येथेंच एक गोष्ट सांगून टाकतों, नाहीं तर हें वाचून एखादा उत्साही तरुण मालवणास धांव घ्यावयाचा. आपल्या देशाच्या १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं दगडी पोवळीं समाविष्ट करण्यांत आलीं. वाघ ज्या यादींत, त्याच यादींत तीं. मालवणच्या वा लक्षद्वीपच्या समुद्रांतून त्यांचा तुकडा उचलून घरीं आणणें हा गुन्हा आहे. हौस म्हणून तो कोणी क्षम्य मानणार नाहीं.

आतां मूळ विषय. पोवळें म्हणजे काय, हें नीट समजल्याशिवाय त्यावरील शेवाळाचा विचार करतां येत नाहीं. संस्कृतांत 'प्रवाल' म्हणजे कोंवळी पालवी, आणि प्रवाल म्हणजे पोवळेंहि. दुसरा शब्द 'विद्रुम', त्यांत तर 'द्रुम' उघडच दिसतो. पाश्चात्य पंडितहि १८ व्या शतकापर्यंत पोवळ्यास वनस्पतीच मानीत. पेसोनेल नांवाच्या फ्रेंच वैद्यानें तो प्राणी आहे असें निरीक्षणानें दाखविलें, तेव्हां पॅरिसच्या विद्वानांनीं त्याचें म्हणणें प्रथम मानलेंच नाहीं. (अंगठींतील लाल पोवळें हें भूमध्य समुद्रांतील निराळ्या जातीचें, आमच्या टांकींतील मंडळींचें तें दूरचें नातलग.) दगडी पोवळें म्हणजे असंख्य लहान प्राण्यांची वसाहत. खालीं चुन्याचा सांगाडा आणि वर जिवंत मांसाचें पातळ आवरण. परंतु जुन्या कोशकारांस अगदींच चुकीचें ठरवूं नये; कारण या प्राण्याच्या अंगांत सूक्ष्म शेवाळ राहतें, तें उजेडांत शर्करा तयार करतें, आणि पोवळ्याचें बहुतेक पोषण त्यावरच चालतें. म्हणजे बाहेरचें शेवाळ त्याचा शत्रु आणि आंतलें शेवाळ त्याचा अन्नदाता. 'शेवाळाचा समूळ नाश करणारें' असें औषध जो दुकानदार हातीं ठेवतो, त्यास प्रथम हें विचारावें कीं, कोणत्या शेवाळाचा?

दुसरी गोष्ट याहूनहि महत्त्वाची आहे. निरोगी पोवळ्याच्या जिवंत मांसावर शेवाळ सहसा रुजत नाहीं. पोवळें अंगावरचा चिकट स्राव टाकून आपली त्वचा स्वच्छ ठेवीत असतें. 'पोवळ्यावर शेवाळ आलें' असें आपण म्हणतों तेव्हां तें बहुधा पोवळ्याच्या उघड्या पडलेल्या सांगाड्यावर, किंवा ज्या दगडावर तें चिकटविलें आहे त्या दगडावर उभें असतें. बाईंनीं भिंग घेऊन पाहावें. केंस ज्या ठिकाणाहून निघाले आहेत तेथें पांढरा हाडासारखा भाग दिसेल. वाड्यांतील जी खोली बंद पडते तींतच प्रथम कोळिष्टकें होतात, तसाच हा प्रकार. म्हणून पहिला प्रश्न 'शेवाळ कसें काढूं?' हा नसून 'ही कड मेली कशानें?' हा आहे. पाण्याची उष्णता एकाएकीं वाढली काय, शेजारच्या पोवळ्यानें रात्रीं लांब तंतु काढून डंख मारला काय (तीं असें भांडतात!), वर वाळू सांचली काय, हें पाहिल्याशिवाय चिमट्यास हात घालूं नये.

एकदां कडेला पाय रोवला म्हणजे मात्र शेवाळ स्वस्थ बसत नाहीं. त्याच्या केंसांत गाळ अडकतो, जवळच्या मांसावर सांवली पडते, प्रवाहाबरोबर केंस हलून तें घांसलें जातें. शिवाय शेवाळांतून पाझरणाऱ्या शर्करेवर जंतु पोसतात आणि ते त्या कडेचा प्राणवायु ओढून घेतात, असें अलीकडील संशोधकांनीं दाखविलें आहे. मग रोज थोडी थोडी कड मागें हटते. म्हणून 'आज ना उद्यां काढूं' हें धोरणहि बरें नव्हे.

शेवाळास हवें काय? उजेड, पाणी, आणि नत्र व स्फुर यांचे क्षार, म्हणजे नायट्रेट व फॉस्फेट. हे येतात कोठून? बहुतेक आपल्याच हातानें. जांवयांच्या घरीं सकाळीं पूजा आटोपली कीं विहीणबाई माशांस चिमूटभर खाद्य घालीत. नात शाळेंतून आली कीं 'मासे भुकेले दिसतात' म्हणून तीहि घाली. संध्याकाळीं आमची मुलगी. आणि रात्रीं स्वतः जांवई, कारण दिवसभर कोणींच घातलें नसेल अशी त्यांची समजूत! वाड्यांतील मांजर चार चुलींपाशीं दूध पितें आणि प्रत्येक घरास तें उपाशी वाटतें, त्यांतलाच हा मासला. मासा कधींच 'पुरे' म्हणत नाहीं. समुद्रांत ही शिल्लक अथांग पाण्यांत विरून जाते. टांकींत ती जाणार कोठें? नत्राचा कांहीं भाग दगडांच्या पोटांतील जंतु वायुरूप करून सोडून देतात, परंतु स्फुर वायु होऊन उडून जात नाहीं. तो दगडांत व वाळूंत मुरून बसतो, आणि पुढें महिनेच्या महिने थोडा थोडा बाहेर येत राहतो. खाद्य कमी केल्यावरहि शेवाळ लगेच हटत नाहीं, याचें कारण हेंच.

तेथें उपाय झाला तो असा: फ्रीजच्या दारावर एक कागद लावला, आणि ज्यानें खाद्य घातलें त्यानें त्या तारखेवर खूण करावी असें ठरलें. दिवसांतून एकदां, दोन मिनिटांत संपेल इतकेंच. गोठविलेली कोळंबी आधीं गाळणींत घेऊन स्वच्छ पाण्यानें धुवावयाची व तिचें पाणी टांकींत जाऊं द्यावयाचें नाहीं. पहिले आठ दिवस विहीणबाईंस फार जड गेले. आम्हांस त्यांचें वैषम्य वाटलें नाहीं. दारीं आलेल्यास विन्मुख न पाठविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस कांचेपलीकडून तोंड उघडणारा मासा पाहवत नाहीं, हें स्वाभाविक आहे.

बाईंच्या पत्रांत आणखी एक वाक्य आहे: "चांचणी केली तर फॉस्फेट शून्य दाखवितें, मग शेवाळ वाढतें कशावर?" हा प्रश्न मार्मिक आहे. चांचणी पाण्यांतील शिल्लक दाखविते; जें शेवाळानें आधींच गिळलें तें तिला कसें दिसावें? वाण्याच्या दुकानांत सायंकाळीं पोतें रिकामें दिसलें म्हणून दिवसभरांत धान्य आलेंच नाहीं असें ठरत नाहीं. शेवाळ माजलेलें असतां दिसणारें शून्य फसवें समजावें. उलट खरोखरच शून्यावर नेणेंहि अनिष्ट. पोवळें फिकें पडून उपाशी मरतें, आणि डायनोफ्लॅजेलेट नांवाचे तपकिरी चिकट सूक्ष्म जीव मोकळी जागा पाहून माजतात, ते शेवाळापेक्षांहि चिवट. अनुभवी लोक फॉस्फेट दर लिटरास सुमारें ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम आणि नायट्रेट २ ते १० मिलिग्रॅम ठेवतात. फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे बाजारांत मिळतात, पण ते अगदीं थोडे थोडे वापरावे. एका आठवड्यांत सर्व ओढून घेतल्यास पोवळ्यांस धक्का बसतो.

पाण्याचेंहि पाहावें. अमेरिकेंतील पुष्कळ नगरांत जुन्या नळांतील शिसें पाण्यांत उतरूं नये म्हणून पाण्यांत मुद्दाम फॉस्फेट घालतात. माणसास तें हितकर, टांकीस नव्हे. म्हणून मीठ कालविण्यास, व वाफ होऊन गेलेल्या पाण्याची भर घालण्यास, गाळणयंत्रांतून क्षारमुक्त केलेलें पाणीच घ्यावें, आणि यंत्राची गाळणी वेळेवर बदलावी.

आतां प्रत्यक्ष काढण्याची रीत. ज्या पोवळ्याचा दगड सुटा आहे तो बाहेर काढून टांकीच्याच पाण्यानें भरलेल्या पसरट भांड्यांत ठेवावा; नळाचें पाणी लावूं नये. डाव्या हातानें दगड धरून उजव्या हातानें चिमट्यानें शेवाळ मुळापाशीं धरावें व हलकेंच पिळा देत ओढावें. मधूनच तोडल्यास राहिलेल्या बुडख्यांतून तें पुन्हा फुटतें. राहिलेले बुडखे दांत घांसण्याच्या जुन्या ब्रशानें खरवडावे, पण ब्रश दगडावर व मेलेल्या सांगाड्यावरच फिरवावा, जिवंत मांसास लागूं देऊं नये. मग दुसऱ्या भांड्यांत खळखळून परत ठेवावें. जे दगड सुटत नाहींत तेथें रबरी नळीनें पाणी बाहेर ओढीत असतांना तिच्या तोंडाशींच शेवाळ उपटावें, म्हणजे तुकडे टांकीभर पसरत नाहींत. एका दिवशीं एक कोंपरा. सर्व टांकी एकाच रविवारीं ढवळून काढण्याचा पराक्रम करूं नये. दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलावें. हातानें काढलेल्या प्रत्येक मुठीबरोबर नत्र व स्फुर हे घराबाहेर जातात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हें काम कंटाळवाणें वाटत नाहीं.

हिरवे वाटोळे कांचेसारखे फुगे असलेलें शेवाळ मात्र टांकींत फोडूं नये; बाहेर काढून सुटें करावें. आणि लाल मखमलीसारखा थर आला असल्यास तो शेवाळ नसून जंतूंचाच एक प्रकार आहे; तो नळीनें ओढून घ्यावा व पाण्याचा प्रवाह वाढवावा.

आतां पातेल्याची गोष्ट. या टांक्यांतून 'झोॲन्थिड' जातीचे, लहान शेवंतीच्या फुलांसारखे दिसणारे प्राणी फार हौसेनें ठेवतात. बाईंच्या यादींतहि ते आहेत. त्यांतील कित्येकांच्या अंगांत पॅलीटॉक्सिन नांवाचें अति जहाल विष असतें. हवाई बेटांतील माउई येथें मूळ रहिवासी ज्यास 'हानाचें प्राणघातक शेवाळ' म्हणत, त्यांतूनच हें विष हवाई विद्यापीठांतील मूर व शॉयर यांनीं १९७१ मध्यें वेगळें केल्याचें प्रसिद्ध केलें. आणि तेंहि शेवाळ नसून असाच एक प्राणी होता. प्राण्यास वनस्पति समजण्याची ही चूक आपल्या कोशकारांची निरुपद्रवी होती. येथें ती जिवावर बेतते. उकळल्यानें हें विष नाहींसें होत नाहीं. वाफेबरोबर सूक्ष्म थेंबांवाटे तें हवेंत पसरतें आणि सर्व घर तें श्वासावाटे घेतें. हा तर्क नव्हे. २०१२ ते २०१४ या काळांत अलास्कांत दुकानांतील व घरांतील अशा प्राण्यांपासून माणसें आजारी पडल्याची नोंद अमेरिकन सरकारच्या आरोग्यखात्यानें प्रसिद्ध केली आहे. आणि दगड उकळून किंवा वाफेनें साफ करतांना घरचीं सर्व माणसें रुग्णालयांत गेल्याचीं उदाहरणें इतरत्रहि झालीं आहेत. सासूबाईंची सूचना वावगी आहे असें मात्र कोणी म्हणूं नये. बरण्या, दुधाचीं भांडीं, बाळाचे कपडे, सर्वांस उकळतें पाणी हाच त्यांच्या पिढीचा उपाय होता व तो बरोबर होता. त्यांना कारण समजावून सांगावें. त्या जाणत्या आहेत, एका शब्दांत समजतील.

झोॲन्थिड असलेला दगड हाताळतांना रबरी हातमोजे व डोळ्यांवर चष्मा हवाच. तो कोरडा घांसूं नये, त्यावर गरम पाणी ओतूं नये, स्वयंपाकघरांत तर तो आणूंच नये, आणि हातास जखम असतां त्या दिवशीं हें काम टाळावें. एवढें करून कोणास खोकला, धाप, थंडी-ताप किंवा तोंडांत धातूची चव येऊं लागल्यास सर्वांनीं ताबडतोब मोकळ्या हवेंत जावें, आणि डॉक्टरांस 'पॅलीटॉक्सिन' हा शब्द न विसरतां सांगावा. कारण बहुतेक डॉक्टरांच्या डोळ्यांपुढें दिवाणखान्यांतील टांकी येत नाहीं.

अगदीं चिवट शेवाळासाठीं औषधी दुकानांत मिळणारें शेंकडा ३ चें हायड्रोजन पेरॉक्साइड उपयोगी पडतें, पण तें टांकींत ओतावयाचें नव्हे. दगड बाहेर काढून, मांस ओलें व उघड्या हवेपासून शक्य तों झांकलेलें ठेवून, फक्त शेवाळावर पिचकारीनें थेंब सोडावे, मिनिटभर थांबावें, टांकीच्या पाण्यानें धुवावें व परत ठेवावें. दोन-तीन दिवसांत तें पांढरें पडतें. शोभेच्या कोळंब्यांस हें औषध सोसत नाहीं, म्हणून धुण्यांत आळस करूं नये. पिसासारख्या फांद्यांचें 'ब्रायॉप्सिस' नांवाचें शेवाळ यानेंहि दाद देत नाहीं. त्यावर फ्लुकोनॅझोल हें बुरशीनाशक औषध कांहीं जण पाण्यांत घालतात आणि दोन-तीन आठवड्यांत गुण येतो. परंतु मेलेलें शेवाळ आंतच कुजलें तर त्याचे क्षार पुन्हा पाण्यांतच उतरतात, हें विसरूं नये.

औषधापेक्षां आमचा विश्वास चरणाऱ्यांवर अधिक आहे. १९८३ च्या आरंभीं पनामाच्या किनाऱ्याजवळ डायडेमा नांवाचे, लांब काळ्या काट्यांचे, साळिंदरासारखे दिसणारे समुद्रप्राणी एका अज्ञात रोगानें मरूं लागले, आणि सुमारें वर्षभरांत सर्व कॅरिबियन समुद्रांतील शेंकडा ९० हून अधिक नाहींसे झाले. हे शेवाळ खाऊन राहणारे. जमैका बेटाभोंवतीं १९७७ मध्यें समुद्रतळाचा शेंकडा ५० हून अधिक भाग जिवंत पोवळ्यांनीं व्यापलेला होता; १९९३ पर्यंत तो शेंकडा ३ वर आला, आणि शेवाळ शेंकडा ४ वरून ९२ वर गेलें. सर्व दोष रोगाचा नव्हे. शेवाळ खाणारे मासे कोळ्यांनीं आधींच उपसून संपविले होते, आणि १९८० च्या मोठ्या वादळानें पोवळीं मोडून जागा उघड्या पडल्या होत्या. मासे संपल्यावर सर्व भार या एका काटेरी प्राण्यावर होता; तोहि गेला, तेव्हां मागें कोणी उरलें नाहीं.

म्हणून टांकींतहि एकाच जातीवर भिस्त ठेवूं नये. ट्रोकस व टर्बो जातींच्या गोगलगायी, एखादा लहान काटेरी समुद्रप्राणी, फुग्यांच्या शेवाळासाठीं हिरवा एमराल्ड खेंकडा, आणि टांकी चार फुटांहून लहान नसेल तरच एखादा पिवळा टँग मासा, अशी मंडळी असावी. प्रथम हातानें केंस आंखूड करून द्यावे. लांब वाढलेल्या शेवाळास गोगलगायी तोंड लावीत नाहींत. आणि शेवाळ संपत आलें कीं हीच मंडळी उपाशी मरतात; तेव्हां टँगास वाळविलेल्या समुद्री पाल्याचा कागद चिमट्यांत धरून द्यावा. एकदां शंभर गोगलगायी आणून दोन महिन्यांनीं त्यांचींच प्रेतें कुजविणारे हौशी लोक आम्हीं पाहिले आहेत.

जांवयांनीं आणखी एक युक्ति केली होती. मुख्य टांकीखालच्या दुसऱ्या लहान टांकींत त्यांनीं किटोमॉर्फा नांवाचें, तारेच्या घांसणीसारखें दिसणारें शेवाळ मुद्दाम वाढविलें, आणि वरचे दिवे मालवले कीं रात्रीं खालचा दिवा लागे. दर पंधरा दिवसांनीं त्याचा अर्धा गोळा काढून टाकावयाचा. काट्यानें काटा काढण्याचा हा प्रकार आम्हांस फार आवडला. नवा कागद फ्रीजवर लागल्यापासून सातव्या-आठव्या आठवड्यांत वरच्या पोवळ्याची कड सांगाड्यावर पुन्हा तांदळाएवढी पुढें सरकलेली आम्हीं भिंगांतून पाहिली. नातीनें तेथें कांचेवर पेन्सिलीची खूण केली आहे.

शेवटीं बाईंनीं विचारलें आहे कीं, काढलेलें शेवाळ तुळशीच्या कुंडींत खत म्हणून घालावें काय. घालूं नये, त्यांत मीठ असतें, तुळस जळेल. नाल्यांत, ओढ्यांत वा समुद्रावर फिरावयास जातांना किनाऱ्यावरहि टाकूं नये. १९८४ मध्यें मोनॅको येथील समुद्रसंग्रहालयाखालींच कौलर्पा नांवाचें शोभेच्या टांक्यांतील शेवाळ समुद्रांत रुजलेलें आढळलें व पुढें तें भूमध्य समुद्रांत दूरवर पसरलें. २००० सालीं तेंच कॅलिफोर्नियांत सांपडलें, आणि तेथून उपटून काढण्यास सहा वर्षें लागलीं. काढलेलें शेवाळ पिशवींत बांधून एक दिवस 'माशांच्या स्वयंपाकघरां'सारख्या एखाद्या फ्रीजमध्यें पुरतें गोठवावें, आणि मग केराच्या टोपलींत टाकावें.